मागून घेतलेले पर्व

१ मार्च १९६८ च्या रात्री अमेरिकेतील एन.बी.सी. या दूरचित्रवाणी वाहिनीने आपल्या प्रेक्षकांना एक निवेदन ऐकवले. ‘स्टार ट्रेक’ ही मालिका पुढील वर्षीही चालू राहील, तेव्हा आता पत्रे पुरेत, असा त्याचा मथितार्थ होता. एखादा कार्यक्रम राहणार की जाणार हे पडद्यावरून जाहीर करण्याची रीत तेव्हा नव्हती. पण डिसेंबर १९६७ ते मार्च १९६८ या काळात वाहिनीकडे १,१६,००० च्या जवळपास पत्रे येऊन पडली होती. त्यांतील ५२,००० हून अधिक तर एकट्या फेब्रुवारी महिन्यात आली. टपाल फोडणारी माणसे टेकीस आली असावीत. निवेदनाचा परिणाम मात्र उलटाच झाला. लोकांनी आता आभाराची पत्रे लिहिण्यास प्रारंभ केला, आणि तीही जवळजवळ तितक्याच संख्येने.

सहा महिन्यांनी, २० सप्टेंबर १९६८ रोजी, हे मागून घेतलेले तिसरे पर्व सुरू झाले. आणि ज्यांनी त्यासाठी शाई आणि तिकिटे खर्ची घातली होती, त्यांतील अनेकांनी पहिल्याच रात्री कपाळाला हात लावला.

प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया हा विषय समीक्षक सहसा गंभीरपणे घेत नाहीत. नाटकाच्या मध्यंतरात चहाच्या पेल्याभोवती जे बोलले जाते ते तेथेच विरून जाते, अशी आपली समजूत असते. प्रस्तुत प्रकरण आम्हांला निराळे वाटते. येथे प्रेक्षक आधी याचक झाला, मग परीक्षक झाला, आणि ज्याची वाच्यता फारशी होत नाही ती गोष्ट अशी, की तो लेखकही झाला. शिवाय या प्रकरणात एक प्रश्न दडलेला आहे, जो आपल्या घरांत आणि धर्मग्रामांतही वेळोवेळी डोके वर काढतो. जी वस्तू आपण हट्टाने मागून घेतली, तिला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला उरतो काय? ‘तुम्हीच मागितले होते ना? मग आता बोलू नका,’ हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकलेले आहे. आणि बहुधा उच्चारलेलेही आहे.

ज्यांना या मालिकेचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. जीन रॉडेनबेरी या लेखक-निर्मात्याची ही कल्पना. तिचा पहिला भाग ८ सप्टेंबर १९६६ रोजी दाखवला गेला. काही शतकांनंतरच्या काळात ‘एंटरप्राइज’ नावाचे एक अवकाशयान अज्ञात ग्रहांचा शोध घेत हिंडते. कप्तान कर्क हा धाडसी, काहीसा उतावळा. त्याचा सहायक स्पॉक अर्धा मानव आणि अर्धा परग्रहवासी; भावनांना आवर घालून केवळ तर्काने वागू पाहणारा. डॉक्टर मकॉय तोंडाने फटकळ, पण अंतःकरणाने हळवा. या तिघांच्या वादांतून आणि स्नेहातून कथा उलगडत जाते. यानावर ऊहुरा नावाची एक कृष्णवर्णीय स्त्री अधिकारी आहे, जपानी वंशाचा चालक आहे, आणि दुसऱ्या पर्वापासून एक रशियन तरुणही आहे. अमेरिका आणि रशिया यांच्यात विस्तव जात नव्हता, त्या काळातील ही गोष्ट आहे हे ध्यानी घेतले पाहिजे. डॉ. जयंत नारळीकरांच्या कथा वाचलेल्या मराठी वाचकाला ठाऊक आहेच, की विज्ञानकथेत यंत्र हे निमित्त असते आणि प्रश्न माणसाचा असतो. ‘स्टार ट्रेक’ आपल्या चांगल्या दिवसांत याच वाटेने जात असे.

घरांच्या गणतीत मात्र मालिका मागे पडत होती. अमेरिकेत नील्सन नावाच्या संस्थेच्या आकड्यांवर कार्यक्रमांचे आयुष्य अवलंबून असे. निवडक घरांतील संच कोणत्या वाहिनीवर लावलेला आहे एवढेच ते आकडे सांगत. संचासमोर बसलेला माणूस डुलक्या घेत आहे की श्वास रोखून पाहत आहे, हे त्यांतून कळण्यास मार्ग नव्हता. दुसरे पर्व चालू असताना मालिका बंद पडणार अशी कुणकुण लागली आणि बीजो ट्रिंबल व त्यांचे पती जॉन यांनी पत्रमोहीम हाती घेतली. ओळखीच्या दहा जणांना लिहावयास सांगा, त्या दहांनी आणखी दहांना सांगावे, हे त्यांचे सूत्र. छापील मजकुरावर नुसती सही नको, प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहावे, असाही त्यांचा आग्रह होता. जानेवारी १९६८ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे दोनशेहून अधिक विद्यार्थी बरबँक येथील वाहिनीच्या कार्यालयावर मोर्चा घेऊन गेले. विज्ञान शिकणाऱ्या मुलांनी एका कल्पित यानासाठी घोषणा द्याव्यात, हे दृश्य मोठे लोभस असले पाहिजे.

आपल्याकडे पुढे ‘सुरभि’ या कार्यक्रमाला पोत्यांनी पोस्टकार्डे येत असत, हे पुष्कळांना आठवत असेल. पण ती प्रश्नांची उत्तरे असत आणि त्यांमागे बक्षिसाची आशा असे. येथे पत्र लिहिणाऱ्याला काहीच मिळावयाचे नव्हते. आठवड्यातून एक तास, तोही आपल्याबरोबर सर्वांना, एवढीच त्याची मागणी.

या मोहिमेमागे खुद्द रॉडेनबेरी यांचाच छुपा हात होता, असे मालिकेच्या निर्मितीत मोठ्या पदांवर असलेल्या हर्बर्ट सोलो आणि रॉबर्ट जस्टमन यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात म्हटले आहे. वाहिनीने मालिका बंद करण्याचे खरोखर ठरवले होते काय, याविषयीही मतभेद आहेत. आम्हांला या वादाचे फारसे महत्त्व वाटत नाही. ठिणगी कोणीही टाकली असो. लाखावर माणसे टेबलाशी बसून स्वतःच्या शब्दांत पत्र लिहितात ती कोणाच्या इशाऱ्यावर लिहीत नाहीत.

मागणी मान्य झाली, आणि पदरात काय पडले? सोमवारी संध्याकाळी साडेसातची वेळ प्रथम ठरली होती. परंतु त्यासाठी ‘लाफ-इन’ हा लोकप्रिय विनोदी कार्यक्रम अर्धा तास पुढे सरकवावा लागणार होता, आणि त्याचे कर्ते त्यास तयार नव्हते. अखेर मालिकेची रवानगी शुक्रवारी रात्री दहा वाजता झाली. तिचा खरा प्रेक्षक म्हणजे शाळा-महाविद्यालयांतील मुले आणि तरुण मंडळी. शुक्रवारी रात्री दहाला मुले झोपलेली आणि तरुण घराबाहेर. जेवणाचे आमंत्रण द्यावे आणि पंगत उठल्यावरची वेळ कळवावी, तसा हा प्रकार. सोमवारची वेळ मिळाल्यास आपण स्वतः निर्मितीत पूर्ण लक्ष घालू, असे रॉडेनबेरी यांनी कळवले होते. ती हुकल्यावर त्यांनी रोजच्या कामातून अंग काढून घेतले. नाव तेवढे राहिले. फ्रेड फ्रायबर्गर हे नवे निर्माते आले. एका भागाचा खर्च आधीच्या वर्षी १,८५,००० डॉलर्सच्या घरात होता. तो पावणेदोन लाखांच्या जवळपास आणला गेला. परग्रह उभा करावयाचा तर रंग, लाकूड आणि दिवे लागतात. दहा हजारांची काटछाट पडद्यावर दिसतेच.

आणि पहिल्या रात्रीचा भाग होता ‘स्पॉक्स ब्रेन’. एक अनोळखी स्त्री यानावर येते, सर्वांना बेशुद्ध करते आणि स्पॉकचा मेंदू काढून नेते. डॉक्टर मकॉय स्पॉकच्या मेंदूविरहित देहाला एक यंत्र जोडतात आणि कळ दाबून त्याला चालवत चालवत परग्रहावर नेतात. तेथे जमिनीखाली स्त्रिया आणि जमिनीवर पुरुष अशी विभागणी आहे. स्त्रिया बालबुद्धीच्या; त्यांचे सगळे व्यवहार चालवण्यासाठी हा मेंदू त्यांना हवा असतो. शेवटी डॉक्टर मेंदू परत बसवतात, आणि शस्त्रक्रिया चालू असताना खुद्द रुग्णच त्यांना पुढचे टाके सांगतो.

प्रेक्षक हसले, आणि नंतर संतापले. आजही मालिकेतील सर्वांत वाईट भाग कोणता असे विचारले की पुष्कळांच्या तोंडी प्रथम हेच नाव येते. स्पॉकची भूमिका करणारे लेनर्ड निमॉय यांनी पुढे आत्मकथनात लिहिले, की या भागाचे चित्रीकरण चालू असताना आपल्याला सतत अवघडल्यासारखे होत होते, आणि त्या वर्षात ही भावना पुन्हा पुन्हा अनुभवास आली. जिन क्यून यांच्यासारखा मालिकेचा एक आधारस्तंभच या भागाचा लेखक होता. तोपर्यंत ते दुसरीकडे करारबद्ध झाल्यामुळे त्यांनी टोपणनाव वापरले. हे टोपणनाव त्यांना एका परीने सोयीचेच ठरले, असे म्हणण्याचा मोह आम्हांला आवरत नाही.

परंतु हा संताप नेमका कशाचा होता? कथा असंभाव्य होती म्हणून? तसे असेल तर आधीच्या ५५ भागांतही असंभाव्य गोष्टींची वाण नव्हती. गोंडस केसाळ प्राण्यांच्या पैदाशीने अख्खे यान भरून जाते, त्या भागावर हेच प्रेक्षक जीव टाकत होते. आमच्या मते दुखावले गेले ते वेगळेच काही. स्पॉक हा दोन वर्षे त्यांच्यासमोर घडत गेलेला माणूस होता. दोन वंशांच्या ओढाताणीत सापडलेला, कोठेच पुरता न मावणारा. पत्र लिहिणाऱ्यांत असे किती जण असतील, ज्यांना त्याच्यात स्वतःचा एकटेपणा दिसत होता! त्याला कळ दाबून चालणारे बाहुले केलेले पाहून त्यांना आपलाच उपमर्द झाल्यासारखे वाटले. म्हणजे प्रेक्षकांनी बाहेरून आणलेला मापदंड लावला नव्हता. मालिकेनेच दोन वर्षे त्यांच्या हाती जो मापदंड दिला, त्यानेच त्यांनी मालिकेला मोजले. समीक्षेचा याहून न्याय्य मार्ग आम्हांला माहीत नाही. मागून घेणाऱ्याने गप्प बसावे हा युक्तिवाद येथे कोसळतो. त्यांनी कोणताही एक तास मागितला नव्हता. आपल्या ओळखीची माणसे मागितली होती.

तरीही या प्रतिक्रियेतील एका अन्यायाकडे डोळेझाक करता येत नाही. सगळा दोष फ्रायबर्गर यांच्या माथी मारण्यात आला. वेळ त्यांनी ठरवलेली नव्हती, पैसे त्यांनी कापले नव्हते, मालिकेचा जनक आपण होऊन बाजूला झालेला होता. फ्रायबर्गर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी वायुदलात होते. जर्मनीवर त्यांचे विमान पाडले गेले आणि त्या ज्यू तरुणाने दोन वर्षे जर्मनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत काढली. पुढे ते सांगत, की छावणी दोन वर्षांत संपली, ‘स्टार ट्रेक’ने दिलेला त्रास मात्र कित्येक दशके पुरला. यात विनोद आहे. पण तो हसून सोडून देण्यासारखा नाही. मालिकेवर प्रेम करणाऱ्या माणसांनी एका माणसाच्या वाट्याला हे आणले.

पहिल्या भागाची बदनामी साऱ्या पर्वाला चिकटली, ही दुसरी गोष्ट. आपल्याकडे १९८० च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका दाखवली जात असे. मिस्सेची वेळ आणि यानाची वेळ यांची टक्कर होऊन काही घरांत मुलांची कोंडी झाली असणार! त्या मुलांना कोणता भाग कितव्या पर्वातील आणि अमेरिकेत त्याला काय म्हटले गेले याचा पत्ता नव्हता. समोर जे आले ते त्यांनी पाहिले. असे कोऱ्या मनाने पाहणाऱ्याला तिसऱ्या पर्वातही थांबून पाहावे असे बरेच सापडते. अवकाशाच्या फटीत अडकून कर्क अदृश्य होतो आणि स्पॉक व मकॉय यांना आपापसातील भांडण मिटवावे लागते, तो ‘द थोलियन वेब’ घ्या. जिला पाहून माणसे वेडी होतात अशा परग्रहीय वकिलाबरोबर प्रवास करणाऱ्या अंध स्त्रीची कथा घ्या. सौंदर्याच्या आपल्या कल्पना ती सावकाश उलटवून ठेवते. सूर्य विझण्यापूर्वी भूतकाळात पळून गेलेल्या ग्रहवासीयांची ‘ऑल अवर यस्टरडेज’ घ्या. आणि या सर्वांवर कडी करणारा ‘द एम्पाथ’.

आता एक वस्तुस्थिती सांगतो. ‘द एम्पाथ’ लिहिणाऱ्या जॉइस मस्कॅट या व्यावसायिक पटकथालेखिका नव्हत्या. त्या मालिकेच्या प्रेक्षक होत्या. कोणी न मागता त्यांनी संहिता लिहून पाठवली आणि ती स्वीकारली गेली. अंध स्त्रीची आणि विझणाऱ्या सूर्याची, या दोन्ही कथा जीन लिसेट अरोएस्टी यांच्या; त्या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात ग्रंथपाल होत्या. ‘द थोलियन वेब’चे लेखक जूडी बर्न्स आणि चेट रिचर्ड्स हेही असेच नवखे. जे पर्व प्रेक्षकांनी पत्रे लिहून मिळवले आणि ज्याला त्यांनी नाके मुरडली, त्याच पर्वातील चांगल्या कथांपैकी कितीतरी प्रेक्षकांच्याच लेखणीतून उतरल्या होत्या! निंदेच्या गलबल्यात ही गोष्ट झाकली गेली. नापसंती दाखवण्याचे अनेक प्रकार असतात. आपण घरी बसून अधिक चांगले लिहून दाखवावे, हा त्यांतील सर्वांत कष्टाचा, आणि आम्हांला सर्वांत आदरणीय वाटणारा.

‘द एम्पाथ’ ६ डिसेंबर १९६८ रोजी दाखवला गेला. एका सूर्याचा स्फोट होणार आहे. त्याभोवती फिरणाऱ्या ग्रहांपैकी एकाच ग्रहावरील लोकांना वाचवण्याचे सामर्थ्य व्हियन नावाच्या प्रगत जमातीकडे आहे. वाचवावे कोणाला? जे लायक असतील त्यांना. त्या लायकीची परीक्षा पाहण्यासाठी त्यांनी एका मुक्या तरुणीला आणले आहे. तिच्या जमातीला दुसऱ्याची जखम स्पर्शाने स्वतःच्या अंगावर ओढून घेण्याची देणगी आहे. डॉक्टर मकॉय तिला ‘जेम’, म्हणजे रत्न, असे नाव देतात. मग यानावरील माणसांना तिच्यादेखत यातना दिल्या जातात. अनोळखी माणसासाठी ती जीव देईल काय, एवढेच परीक्षकांना पाहावयाचे आहे.

कर्कला निवड करावयास सांगतात, मकॉय की स्पॉक? पहिल्याचा मृत्यू जवळजवळ निश्चित आहे, दुसऱ्याला वेड लागणे जवळजवळ निश्चित आहे. डॉक्टर मकॉय औषधाची सुई टोचून आधी कर्कला झोपवतात, मग स्पॉकला, आणि मुकाट्याने स्वतः पुढे होतात. येथे भाषण नाही, पार्श्वसंगीताचा दणदणाट नाही. छळाने मरणासन्न झालेल्या डॉक्टरांना जेम स्पर्श करते, भीतीने मागे सरते, पुन्हा जवळ येते. तेव्हा ती मरू नये म्हणून मकॉयच तिला दूर लोटतात. कॅथरिन हेज या अभिनेत्रीने संपूर्ण भूमिका एका शब्दाविना, केवळ डोळ्यांनी आणि हातांनी केली आहे.

परग्रह उभारण्यास पैसे नव्हते. म्हणून जवळजवळ सारी कथा काळ्या पोकळीत घडते. एखादे आसन, एखादे टेबल, आणि माणसांवर पडलेला प्रकाश. हे दारिद्र्य येथे वरदान ठरले. गुड फ्रायडेच्या दुःखसहनाच्या प्रयोगात, जेथे नेपथ्य म्हणजे केवळ एक काळा पडदा असतो, तेथे माणसाचा चेहरा किती मोठा दिसतो हे आपल्या गावोगावच्या रंगमंचांवर काम केलेल्यांना सांगावयास नको.

ख्रिस्ती वाचकाला या भागात आणखी दोन खुणा सापडतील. आरंभी, बेपत्ता झालेला एक संशोधक भूकंपाच्या वेळी स्तोत्रसंहितेतील ९५ व्या स्तोत्राचे स्मरण करतो, पृथ्वीची खोल स्थाने परमेश्वराच्या हाती असल्याचे जेथे म्हटले आहे तेच. अखेरीस यानाचा अभियंता स्कॉट जेमविषयी बोलताना मत्तयकृत शुभवर्तमानातील मोत्याचा दाखला देतो, ज्यासाठी व्यापाऱ्याने आपले सर्वस्व विकले. रॉडेनबेरी स्वतः धर्मसंस्थेपासून दूर गेलेले गृहस्थ होते. तरीही दुसऱ्या पर्वाच्या शेवटी, १५ मार्च १९६८ रोजी दाखवलेल्या ‘ब्रेड अँड सर्कसेस’ या भागातही असेच घडले होते. रोमन साम्राज्य टिकून राहिलेल्या ग्रहावर छळ सोसणारे लोक सूर्याचे उपासक आहेत असे सर्वांना वाटते. ते सूर्याविषयी नव्हे तर देवाच्या पुत्राविषयी बोलत होते, हे ऊहुरा शेवटी उलगडून सांगते. इंग्रजीत दोन्ही शब्दांचा उच्चार एकच, त्यावर ही कलाटणी उभी आहे. आम्हांला ती काहीशी चलाख वाटते. शब्दाची कोटी करून श्रद्धेचा उल्लेख करणे सोपे असते. ‘द एम्पाथ’मध्ये श्रद्धा कथेच्या हाडामांसात आहे.

त्या कथेतही एक खोट आहे, ती सांगितली पाहिजे. संकटात सापडलेल्यांनी वाचवले जाण्यासाठी आधी परीक्षा का द्यावी? एका मुलीच्या धैर्यावर साऱ्या ग्रहाचे जीवन टांगून ठेवणारे व्हियन कोण लागून गेले? कर्क त्यांना सुनावतो, की ज्या करुणेची तुम्ही परीक्षा घेत आहात ती तुमच्याच ठायी उरलेली नाही. हे उत्तर बरोबर आहे. पण दुसऱ्या ग्रहावरील लोकांचे काय झाले, याविषयी कथा मूग गिळून बसते. ते मरून गेले. त्यांच्यात एखादी जेम नसेलच कशावरून?

इंग्लंडमध्ये या भागाचे प्राक्तन वेगळे होते. बी.बी.सी.ने १२ जुलै १९६९ पासून मालिका दाखवण्यास आरंभ केला. डिसेंबर १९७० मध्ये ‘मिरी’ हा पहिल्या पर्वातील एक भाग दाखवल्यावर प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या. त्यानंतर तो भाग, आणि त्याजबरोबर तिसऱ्या पर्वातील ‘द एम्पाथ’, ‘प्लेटोज स्टेपचिल्ड्रन’ व ‘हूम गॉड्स डिस्ट्रॉय’ हे तीन भाग वगळण्यात आले. छळ, वेड, रोग हे विषय लहान मुलांसमोर नकोत, असे कारण दिले गेले. पालकांची काळजी समजण्यासारखी आहे. पण छळ दाखवणे आणि छळाची चटक लावणे यांतील भेद ज्याला करता येत नाही, त्याने क्रूसवाटेची चौदा चित्रे तरी मुलांना कशी दाखवावीत? इंग्रज प्रेक्षकांना हे भाग १९९० च्या दशकाच्या आरंभी पाहावयास मिळाले. अमेरिकेत पत्रांनी एक पर्व जिवंत ठेवले. इंग्लंडमध्ये पत्रांनीच त्यातील काही भाग वीस वर्षे दडवून ठेवले.

‘प्लेटोज स्टेपचिल्ड्रन’ची ख्याती निराळ्या कारणाने आहे. २२ नोव्हेंबर १९६८ रोजी दाखवलेल्या या भागात कर्क आणि ऊहुरा यांचे चुंबन आहे. गोऱ्या आणि काळ्या माणसांच्या विवाहाला बंदी करणारे राज्यांचे कायदे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले त्याला जेमतेम दीड वर्ष झाले होते. दक्षिणेकडील राज्यांत गदारोळ होईल या भीतीने वाहिनी धास्तावली होती. गदारोळ झाला नाही. निशेल निकोल्स यांनी १९९४ च्या आत्मचरित्रात लिहिले आहे, की पत्रांचा पाऊस पडला आणि त्यांतील बहुतेक अनुकूल होती. वर्णसंकर आपल्याला मान्य नाही असे बजावणाऱ्या दक्षिणेतील एका गोऱ्या माणसानेही, ऊहुरासारखी सुंदर स्त्री मिठीत आल्यावर कर्कने तरी काय करावे, अशा अर्थाचे काहीतरी लिहून पाठवले. याच निकोल्सबाई पहिल्या पर्वानंतर मालिका सोडून चालल्या होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी, आपण ही मालिका मुलांसह पाहतो असे सांगून, त्यांना थांबण्याची गळ घातली. ही आठवण त्यांनीच अनेकदा सांगितली.

पण या प्रसंगाचा गौरव करताना एक गोष्ट सहसा विसरली जाते. ते चुंबन स्वेच्छेचे नाही. मनोबलाने इतरांना नाचवणारे जुलमी राज्यकर्ते त्या दोघांना तसे करावयास भाग पाडतात. म्हणजे जे दाखवण्याचे धाडस केले, त्याची जबाबदारी पात्रांवर येणार नाही अशी सोयही करून ठेवली. अर्धे धाडस हे धाडस नव्हे असे आम्ही म्हणत नाही. तथापि ते अर्धे होते.

१० जानेवारी १९६९ च्या भागात दोन परग्रहवासी एकमेकांच्या जिवावर उठलेले दिसतात. एकाचा चेहरा उजवीकडे काळा आणि डावीकडे पांढरा, दुसऱ्याचा नेमका उलट. ग्रह बेचिराख झाला, सगळे मेले, तरी दोघे एकमेकांचा पाठलाग सोडत नाहीत. रूपक ढोबळ आहे, कानीकपाळी ओरडून सांगितलेले आहे, अशी टीका तेव्हापासून होत आली. ती मान्य करूनही असे वाटते, की लग्नाची बोलणी निघाली म्हणजे ‘आपल्यातलीच ना?’ असे आवर्जून विचारणाऱ्या आमच्या ख्रिस्ती समाजाला या चेहऱ्यांकडे पाहून फार मोठ्याने हसता येऊ नये.

पर्वाचा शेवटचा भाग २८ मार्च १९६९ रोजी दाखवावयाचा होता. त्याच दिवशी माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर निधन पावले आणि तो पुढे ढकलला गेला. अखेर तो ३ जूनला, चंद्रावर माणसाने पाऊल ठेवण्यापूर्वी ४७ दिवस, दाखवण्यात आला. त्यात कप्तानपदाची आस लागलेली एक स्त्री कपटाने कर्कचे शरीर बळकावते आणि अखेर वेडीपिशी होते. स्त्रियांना कप्तान होता येत नाही, असे त्यात जवळजवळ गृहीतच धरलेले आहे. जी मालिका एका स्त्रीने उभारलेल्या मोहिमेने जगली, आणि जिच्या त्या पर्वाची लाज मस्कॅट, अरोएस्टी आणि बर्न्स या स्त्रियांनी राखली, तिने निरोप घेताना हे बोलावे! स्त्री-प्रेक्षकांनी त्यावर घेतलेला आक्षेप रास्त होता, आणि पुढील मालिकांना तो ऐकावा लागला.

मालिका बंद झाली तेव्हा एकूण ७९ भाग तयार होते. रोज एक याप्रमाणे पुनःप्रसारणासाठी स्थानिक केंद्रांना एवढी शिदोरी पुरेशी होती. तिसरे पर्व नसते तर ती अपुरी पडली असती. संध्याकाळच्या वेळी ते भाग पुन्हा पुन्हा दाखवले गेले, आणि मूळ प्रसारणाच्या वेळी मिळाला नव्हता तो प्रेक्षक आता मिळाला. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला चाहत्यांचा मेळावा भरला, तेव्हा काही शेकडा माणसांची अपेक्षा असताना हजारो लोटले. फसलेल्या पर्वाचे २४ भाग असे उपयोगी पडले.

पत्र लिहिण्याची सवय मात्र गेली नाही. १९७६ साली अमेरिकेचे पहिले अवकाश-शटल तयार होत असताना त्याला ‘एंटरप्राइज’ हे नाव द्यावे म्हणून चाहत्यांनी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्याकडे पत्रांचा ढीग पाठवला. मागणी मान्य झाली. १७ सप्टेंबर १९७६ रोजी कॅलिफोर्नियातील पामडेल येथे ते वाहन जगासमोर आले, तेव्हा निमॉय, केली, निकोल्स आदी मंडळी तेथे हजर होती. परंतु हे वाहन केवळ वातावरणातील चाचण्यांसाठी बांधलेले होते. त्याला अवकाशात नेणारी इंजिने बसवलेलीच नव्हती, आणि ते अवकाशात कधीही गेले नाही. १९७७ साली पाच वेळा ते एका मोठ्या विमानाच्या पाठीवरून सुटले, आणि वैमानिकांनी ते दरवेळी सुखरूप जमिनीवर उतरवले. पुढील शटले कशी उतरवावीत हे त्या पाच उड्डाणांतून कळले. आज ते न्यूयॉर्कच्या इंट्रेपिड संग्रहालयात ठेवलेले आहे.